मागितल्यावर की आधीच

६ फेब्रुवारी

आत्या,

फोन केला की तू "दवाखान्यात आहे, लिहून पाठव" म्हणून ठेवून देतेस, म्हणून आज मुकाट्याने लिहायला बसलेय. बातमीही तशीच आहे. तुमच्या डोंगरशर्यतीच्या सॉफ्टवेअरचं काम आमच्या कंपनीला मिळालंय, आणि ते माझ्याकडे आलंय. आजवर कुणाच्या तरी कामाची शेपटी सांभाळत होते, आता अख्खा बैल माझ्या हातात. आमच्या वरिष्ठांनी (त्यांना आम्ही मुकादम म्हणतो, ते त्यांना माहीत आहे आणि आवडतंही) सकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, घेशील का. मी हो म्हणाले, मग जिन्यात जाऊन दोन उड्या मारल्या आणि काही झालंच नाही असं तोंड करून परत येऊन बसले.

काम असं आहे. प्रत्येक धावपटूच्या छातीवर नंबर, आणि त्यावरच स्कॅन करायचा चौकोनी ठसा. वाटेतल्या प्रत्येक चौकीवर एक टॅबलेट. नंबर स्कॅन केला की त्या माणसाचं कार्ड समोर: रक्तगट, ॲलर्जी, आजार, चालू औषधं, घरी कुणाला कळवायचं. गेली किती वर्षं तू खिंडीतल्या चौथ्या चौकीची डॉक्टर आहेस, म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक तूच.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. टॅबलेटवर आधी काहीच ठेवायचं नाही. ज्याचा नंबर स्कॅन कराल त्याचीच माहिती आमच्या सर्व्हरवरून येणार, तीही त्याच क्षणी. याला आमच्यात लेझी लोडिंग म्हणतात, म्हणजे आळशी. पण इथे आळस हा गुण आहे. टॅबलेट चटकन सुरू होतो, आणि उद्या तो कुठे हरवला तर हजारो लोकांची दुखणी चव्हाट्यावर येत नाहीत. ऑफिसात तर पापणी लवायच्या आत कार्ड येतं. मी कालपासून उगाचच स्कॅन करत बसलेय.

पुढच्या आठवड्यात आयोजक खिंडीत चाचणी घेणार आहेत, टॅबलेट तुझ्याकडे येईल. बघ आणि कळव. खरं काय ते कळव, लाड करू नकोस.

तुझी ठिणगी


१६ फेब्रुवारी

ठिणगे,

लाड करणार नाहीच.

चाचणीला आयोजकांची चारपाच माणसं नंबर लावून खिंड चढून आली. पहिला आला तो मंडप घालणारा सुतार. सिस्टरने त्याचा नंबर स्कॅन केला. एक चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग तुझं ते कार्ड आलं. रक्तगट, पुढे कोरं. ॲलर्जी, पुढे कोरं. आजार, पुढे कोरं. सिस्टर म्हणाली, "याला काही नाही, जाऊ दे." आणि तो निघालासुद्धा.

मी दुसऱ्या टोकाला बँडेजची पेटी उघडत होते. मान वर केली म्हणून दिसला. त्याला जुना दमा आहे, माझ्याच दवाखान्यात येतो. श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि पंप खाली त्याच्या पिशवीत. परत बोलावून बसवला, पंधरा मिनिटांत ठीक झाला. पण मी तिथे नसते तर?

खिंडीत रेंज येते तशी जाते, वाऱ्याच्या मर्जीवर. तुमच्या ऑफिसात वारा एसीचा. ते एक वेळ सोड. माझी खरी तक्रार दुसरी आहे. माहिती आली नाही हे तुझं कार्ड सांगत नाही, ते नुसतं कोरं बसतं. आणि कोरं कार्ड निरोगी माणसाच्या कार्डासारखंच दिसतं. आजारी माणसाला निरोगी ठरवणारं यंत्र मला नको. त्यापेक्षा यंत्र नसलेलं परवडलं.

तेव्हा आळस पुरे. शर्यतीच्या दिवशी पहाटे खालीच, रेंज आहे तिथे, सगळ्यांची सगळी माहिती टॅबलेटमध्ये भरून मला दे. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची, एक माणूस सुटता कामा नये. यावर वाद नको.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून माझे कान इतके तापले की शेजारच्या मुलीने ताप आला का विचारलं. कोऱ्या कार्डाचं तू म्हणालीस ते शंभर टक्के खरं आहे. ते मी त्याच दिवशी बदललं. आता माहिती आली नसेल तर पडदाभर पिवळ्यावर काळ्या अक्षरांत येतं: "माहिती पोचलेली नाही. माणसाला विचारा." आंधळ्यालाही दिसेल असं केलंय.

आणि तू म्हणालीस तसं सगळं आधी भरूनही बघितलं. त्याला आमच्यात ईगर लोडिंग म्हणतात, म्हणजे उतावळं. दुपारी भरायला लावलं आणि चहा करून, पिऊन, कप विसळून आले तरी गाडी निम्म्यावरच. फोटो, डॉक्टरांची पत्रं, तपासण्यांचे कागद, लोकांनी काय काय जोडलंय. भरून झाल्यावर टॅबलेट इतका सुस्तावला की एक नंबर शोधायला स्वतःच धापा टाकायला लागला. हत्ती पाळायचा तर दार मोठं लागतं, आणि तुमचे टॅबलेट आहेत सशाच्या बिळाएवढे. वर आयोजकांनी साफ नाही सांगितलं. एक टॅबलेट दरीत पडला किंवा चोरीला गेला तर सगळ्या गावाचे आजार परक्याच्या हातात. ही जोखीम ते घेणार नाहीत, आणि मला विचारशील तर त्यांचं बरोबर आहे.

म्हणजे मागितल्यावर आणावं तर तुझ्याकडे पोचत नाही, आणि आधीच आणावं तर पेलवत नाही. मी दोन दिवस भिंतीकडे बघत बसलेय.

एक विचारू? इतकी वर्षं तू तिथे बसतेस ती कसल्याही कार्डाशिवाय. नाडी बघून, डोळे बघून, चार प्रश्न विचारून. कधी कुरकुर केली नाहीस. मग नेमकं याच वर्षी, नेमकं माझ्या कामात, "एक माणूस सुटता कामा नये" हे कुठून आलं? माझ्यावर भरवसा नसेल तर स्पष्ट सांग. मुकादमांना सांगून दुसऱ्या कुणाला काम द्यायला लावते. रागाने नाही म्हणत.

(थोडं रागानेच.)

ठिणगी


२४ फेब्रुवारी

ठिणगे,

उत्तराला उशीर झाला. माझी मदतनीस रजेवर आहे आणि तिच्या जागी आलेल्या मुलाने मला जेरीस आणलंय. पहिल्या दिवशी पेशंट खुर्चीत बसल्यावर फाइल शोधायला गेला, तो गेलाच. ओरडले, तर दुसऱ्या दिवशी अख्खं कपाट माझ्या टेबलावर आणून रचलं, मला पेशंटचं तोंड दिसेना. अरे बाबा, बाहेर बाकावर येऊन बसलेत तेवढ्यांच्या फायली आत आण, इतकी साधी गोष्ट. असो.

तुझ्यावर भरवसा नाही असं नाही गं. तू विचारलंस म्हणून सांगते, आणि सांगितल्यावर मला शिव्या बसणार आहेत, हेही ठाऊक आहे.

दादा धावतोय. तुझा बाप, माझा भाऊ, चष्म्याच्या दुकानाबाहेर पाऊल टाकायचं तर शटर दोनदा तपासणारा माणूस. गेल्या उन्हाळ्यापासून पहाटे उठून सराव चाललाय. बूट वहिनीने आणलेत. तुला न सांगण्याची शपथ आम्हा दोघींना घातलीय. "ती कामधाम सोडून येईल आणि मला खुर्चीला बांधून ठेवेल," असं त्याचं म्हणणं. मला ते अगदीच चूक वाटलं नाही.

त्याचे हृदयाचे ठोके मधूनच ताल सोडतात, हे तुला माहीत आहे. त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी तो घेतो. त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिलीय, चढावर चालायचं, पळायचं नाही, या अटीवर. हृदयाची मला फार काळजी नाही. काळजी आहे पडण्याची. दगडांची वाट आहे. त्या गोळीवर असलेला माणूस पडला तर रक्त लवकर थांबत नाही, आणि डोक्याला लागलं तर बाहेरून काही दिसतही नाही. माझ्या चौकीवर तो मला सापडेल. पण दुसऱ्या, तिसऱ्या चौकीवर कोण ओळखतं त्याला? म्हणून म्हणाले, एक माणूस सुटता कामा नये. तो एक माणूस आपला आहे.

आता दे शिव्या.

आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

बाकावर!

शिव्या नंतर. आधी हे ऐक. तुझं पत्र वाचताना त्या कपाटवाल्या मुलाच्या ओळीवरून मी पुढे गेले, बाबांची बातमी वाचली, फोन हातात धरून बसले, रडले असेन थोडी, आणि मग कशामुळे कोण जाणे, परत वर जाऊन तीच ओळ वाचली. बाहेर बाकावर बसलेत तेवढ्यांच्या फायली.

तुझ्या चौकीचा बाक कुठला? तिसरी चौकी ते खिंड, एवढी वाट. तिसऱ्या चौकीवर माणूस स्कॅन होऊन बाहेर पडला की लगेच, कुणी मागायच्या आत, त्याचं कार्ड तुझ्या टॅबलेटकडे रवाना. तो डोंगर चढतोय तोवर कार्ड तुझ्याकडे येऊन बसलेलं. तो खिंडीतून पुढे गेला की कार्ड तुझ्याकडून पुसलं जाणार आणि पुढच्या चौकीवर जाणार. म्हणजे तुझ्याकडे कधीही फक्त तेवढीच माणसं, जी तुझ्या वाटेवर आहेत. आणि कार्डावरही आधी फक्त जीवाशी गाठ असलेल्या चार गोष्टी. फोटो आणि कागद हवे असतील तर मागितल्यावर. ते खुशाल आळशी राहू देत.

मी हे मुकादमांना सांगताना इतकी भरभर बोलत होते की त्यांनी हात वर करून मला पाणी प्यायला लावलं. मग एकच प्रश्न विचारला. कार्ड निघालं आणि नेमकी तेव्हा रेंज गेली तर? मी म्हटलं, वर चढायला वेळ लागतो, तेवढ्यात यंत्र पुन्हापुन्हा पाठवत राहील. "आणि पोचलंच नाही तर?" तर पिवळा पडदा. ते म्हणाले, कर. नुसतं "कर" म्हणाले, पण त्यांच्याकडून एवढं म्हणजे हार घातल्यासारखं आहे.

आता शिव्या. घरात आईला माहीत, तुला माहीत, बुटांच्या दुकानदाराला माहीत, आणि मी तेवढी परकी. काल बाबांशी फोनवर बोलले. पाय दुखतोय म्हणाले, मी विचारलं कशाने, म्हणाले, स्टुलावर चढलो होतो. मी म्हटलं, जपा हो, स्टूल वाईट. एवढंच. त्यांना थांबवणार नाही. का ते मलाही नीट कळलेलं नाही, पण माझ्यापासून लपवून काहीतरी करावं असं बाबांना वाटलं, याचाच मला आतून आनंद झालाय. तू मला सांगितलंस हे त्यांना सांगू नकोस.

कामाला लागते. वेळ थोडा आहे आणि माझे हात शिवशिवतायत.

ठिणगी


२२ मार्च, दुपार

आत्या,

हे तुला आत्ता मिळणार नाही हे मला माहीत आहे, कारण तुझ्याकडे रेंज नाही. हात रिकामे ठेवले तर नखं खाईन, म्हणून लिहितेय.

मी ऑफिसात आहे. समोर मोठा पडदा. तिसऱ्या चौकीतून माणूस निघाला की त्याचं नाव येतं, आणि कार्ड तुझ्याकडे पोचलं की ते हिरवं होतं. सकाळपासून हिरवंगार चाललं होतं, एखादं नाव अडखळलं तरी थोड्या वेळाने हिरवं व्हायचंच. कुणी टाळ्या वाजवत होतं. मग एका नावापासून पुढे सगळी पिवळी पडायला लागली. आयोजकांचा खालून फोन आला, वर वारा सुटलाय, खिंडीतला अँटेना वाकलाय. माणूस पाठवलाय पण चढायला वेळ लागणार.

पिवळी नावं वाढतायत. यंत्र प्रत्येकाचं कार्ड पुन्हापुन्हा पाठवतंय, मीच शिकवलंय त्याला तसं. आणि आत्ता त्या रांगेत बाबांचं नाव आलं. तिसऱ्या चौकीतून निघाले. पिवळे.

म्हणजे सगळ्या जगाची कार्डं वेळेत पोचवणाऱ्या मुलीच्या बापाचं कार्ड तेवढं पोचलेलं नाही.

मुकादम येऊन बसलेत शेजारी. त्यांना मी बाबांचं सांगितलं. ते म्हणाले, "तुझं काम जिथवर जातं तिथवर ते गेलंय. पुढे तिथे डॉक्टर आहे." आत्या, ते तुझ्याबद्दल बोलत होते.

अजून पिवळे. आता तर ते पोचायला हवे होते. चढावर ते चालणार, तेव्हा वेळ लागेलच, हे मी स्वतःला समजावतेय.

अजून पिवळे.

आलं. आत्या, आलं, सगळं एकदम आलं, तुझ्या टॅबलेटने साठवून ठेवलेलं सगळं धबधब्यासारखं आलं. बाबा. खिंडीत आले. उपचार: कोपर. खिंडीतून बाहेर पडले.

कोपर म्हणजे काय? फोन उचल.


२३ मार्च

ठिणगे,

काल फोनवर "कोपर म्हणजे कोपर, तो ठीक आहे, ठेव" एवढंच म्हणाले, कारण माझ्यासमोर तेव्हा चार माणसं पाय धरून बसली होती. आता दवाखाना बंद ठेवलाय, गरम पाण्यात पाय सोडलेत आणि सगळं सांगते.

सकाळी काम लोण्यासारखं चाललं होतं. माणूस वळणावर दिसायच्या आधी त्याचं कार्ड माझ्याकडे. सिस्टरला तर खेळच झाला होता, येणाऱ्याचं औषध त्याच्याआधी ओळखायची. मग तंबू फडफडायला लागला आणि कोपऱ्यातलं रेंजचं चिन्ह गेलं. आम्हाला वाटलं, संपलं. पण ज्यांची कार्डं आधी येऊन बसली होती ती आत तशीच होती.

त्यातच लाल टोपीवाली एक मुलगी आली. आली म्हणजे भांडतच आली. पाणी दिलं तर ढकललं, बसवलं तर उठली, सिस्टरला म्हणाली, तू माझी वाट अडवतेस. सोबतचे धावपटू म्हणाले, दमलीय, पडू द्या जरा सावलीत. मलाही आधी तसंच वाटलं. दमलेली माणसं चिडतात, मी रोज बघते. सिस्टरने नंबर स्कॅन केला आणि कार्ड तिथल्या तिथे आलं. इन्शुलिन. पुढचं काही वाचायला थांबले नाही. साखर तपासली, फार खाली गेली होती. ग्लुकोज तोंडात घातलं, मग गोड सरबत, मग पुन्हा तपासणी. हळूहळू तिच्या डोळ्यांत माणूस परत आला. म्हणाली, "मी कुणाला काही बोलले का?" सिस्टर म्हणाली, काही नाही, माझं कौतुक करत होतीस.

सावलीत तिला तशीच निजू दिली असती तर काय झालं असतं, ते तुला लिहीत नाही.

त्यानंतर येणाऱ्यांची कार्डं नव्हती. प्रत्येक वेळी तो पिवळा पडदा, आणि प्रत्येक वेळी सिस्टर शेजारी बसून विचारायची. त्या पडद्याने आम्हाला हलगर्जी होऊ दिलं नाही, हे मात्र खरं.

दादा आला तेव्हा मी आतल्या बाजूला होते. वाटेत घसरला होता. डाव्या कोपराला चीर, बाही रक्ताने भिजलेली, आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू. सिस्टर काही त्याला ओळखत नाही. तिने शहाण्यासारखं विचारलं, काही आजार? "छे." काही गोळ्या चालू? "अजिबात नाही. ठणठणीत आहे. पट्टी बांधा, निघतो." त्याला भीती, की खरं सांगितलं तर इथेच बसवतील.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "दादा, गोळीचं नाव तू सांगतोस की मी सांगू?"

त्याने मान वळवली नाही. खांदे तेवढे पडले. मग सिस्टरला गोळीचं नाव सांगितलं, मात्रेसकट, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं.

कोपर मी स्वतः दाबून धरलं. बराच वेळ लागला. डोकं आपटलं का, हे उलटसुलट करून चार वेळा विचारलं, डोळे तपासले, नाडी बघितली, डोकं चाचपून पाहिलं. डोक्याला काही नव्हतं. बहीण म्हणून त्याला तिथेच बसवायचं होतं. डॉक्टर म्हणून बसवायला कारण सापडेना. शेवटी त्याने विचारलं, "जाऊ?" आणि विचारलं ते, लहानपणी आईने खेळायला सोडावं म्हणून दारात उभा राहून विचारायचा तसं.

म्हटलं, पळायचं नाही, आणि एकट्याने जायचं नाही. तेव्हा लाल टोपीवाली उठून उभी राहिली. तिलाही पळायची बंदी होतीच, पण तोवर साखर दोनदा तपासून झाली होती आणि ती ठीक होती. आमचा एक स्वयंसेवक, ती आणि दादा, असे तिघे चालत उतरायला लागले. खालच्या वळणापर्यंत मी बघत होते. ती त्याला काहीतरी सांगत होती, आणि तुझा अबोल बाप हातवारे करून उत्तर देत होता, पट्टी बांधलेल्या हाताने.

शेवटून दुसरा आणि शेवटची. वेळ संपायच्या आत पोचले.

आत्या


३० मार्च

आत्या,

मी घरी आलेय. न सांगता आले, सरळ दुकानात. बाबा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते, कोपराला पट्टी. मला बघून म्हणाले, "स्टुलावरून पडलो." मी म्हटलं, "स्टूल चौथ्या चौकीवर होतं का?" गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही दोघं इतके हसलो की आई मागून बघायला आली.

मग त्यांनी मला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, तू नेमकं काय करतेस ते सांग. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं गं. मी सगळं सांगितलं. आळशी, उतावळं, बाक, पिवळा पडदा. मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, आणि प्रश्न नेमके होते. शेवटी म्हणाले, "नाव नोंदवताना मी गोळीचं खरं लिहिलं होतं. समोर कुणी नव्हतं, लिहायला काय जातंय. त्या सिस्टरने तोंडावर विचारलं आणि जीभच वळेना. तिचे डोळे बघून वाटलं, आता ही मला म्हातारा म्हणणार."

म्हणजे माझा पिवळा पडदा "माणसाला विचारा" म्हणतो, आणि माणूस खोटं सांगतो. खरं तर सर्व्हरवर पडलेलं असतं, आणि नेमकं त्याच वेळी रस्ता बंद असतो.

आत्या, मग ते खरं माणसाबरोबरच चालू दे ना. त्या चार गोष्टी नंबराच्या चौकोनी ठशातच घालायच्या, कुलूप लावून, म्हणजे फक्त चौकीच्या टॅबलेटला वाचता येतील, वाटेवरच्या कुणाच्या फोनला नाही. रेंज असो नसो. बाकीचं सगळं बाकावरून. रात्रभर मुकादमांना मेसेज करायचा मोह आवरला आणि सकाळी केला. उत्तर आलं: "कर. आधी एका माणसावर करून बघ."

तो एक माणूस लगेच तयार झाला. मी दुकानातल्या प्रिंटरवर ठसा छापला, आईने पिना लावून तो त्यांच्या शर्टावर डकवला. बरोबर आणलेल्या टॅबलेटचं नेटवर्क बंद केलं आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. बाबा रस्त्याच्या त्या टोकाला गेले, वळले, आणि पळायला लागले. समोरचा चांभार उठून उभा राहिला, फळवालीने वजन करता करता हात थांबवला. मी ओरडले, चाला, पळायचं नाही. ते पळतच आले, छाती पुढे काढून, नंबर माझ्या अगदी समोर धरून.

पायरीला पाय लागायच्या आत गोळीचं नाव पडद्यावर होतं.

ठिणगी